प्रल्हाद घरी नाही

विनीताला बोर्डिंग स्कूलमध्ये घालायचं मी ठरवलं, प्रतापने नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या महाराष्ट्र मंडळात अजूनही लोक त्याच्याकडेच तसं बघतात, पोरीला लांब धाडणारा बाप म्हणून. तो बिचारा ऑफिसातून आला की पेपर उघडून बसणारा माणूस. ओहायोतल्या या डब्लिन गावात घर घ्यायचं ठरलं तेही मी ठरवलं होतं. ठरवण्याचं खातं आमच्याकडे पहिल्यापासून माझं.

१९८४चा मे महिना होता आणि विनीताला नुकतीच चौदा वर्षं पूर्ण झाली होती. एका संध्याकाळी फोन वाजला. एका मुलाचा आवाज, "इज विनी देअर?" मी "राँग नंबर" म्हणून फोन ठेवला. मग तिचं कपाट आवरण्याच्या निमित्ताने मी तिच्या वह्या चाळल्या. शाळेच्या डान्सचा एक फोटो सापडला. फोटोत तसं वावगं काही नव्हतं. सहा-सात मुलंमुली रांगेत उभी, आणि त्यात आमचं ध्यान, कोणाचा तरी उसना झगा घालून दात काढत उभं. पण त्याच्या आदल्याच वर्षी उत्तराची मुलगी सीमा घर सोडून मित्राकडे राहायला गेली होती. उत्तरा माझी इथल्या शेजारच्या कोलंबस शहरातली सगळ्यात जुनी मैत्रीण. त्यानंतर ती हळदीकुंकवाला यायची बंद झाली आणि ती आली नाही की आम्ही सगळ्या तिच्याबद्दलच बोलायचो. माझ्याबद्दल असं कोणी बोलणार नाही, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं.

व्हरमाँटमधली ती शाळा फक्त मुलींची होती. नाव लिहीत नाही, कारण ते लिहिताना अजून माझा हात अडतो. त्यांचं माहितीपुस्तक जाड, गुळगुळीत कागदावर छापलेलं होतं. लाल विटांची इमारत, मागे तळं, पुस्तकं छातीशी धरून हसणाऱ्या मुली. प्रतापला त्यात थंडी दिसली. "शरयू, फार लांब आहे गं," तो म्हणाला. मला दिसलं माझं हॉस्टेल.

मी यवतमाळची. सतराव्या वर्षी नागपूरला कॉलेजात गेले आणि मुलींच्या हॉस्टेलात राहिले. पत्र्याची ट्रंक, मेसचं पाणीदार वरण, आठ वाजता दाराला कुलूप घालणाऱ्या मेट्रन. पहिला महिना मी उशीत तोंड खुपसून रडले. दुसऱ्या महिन्यात लता नावाच्या माझ्या रूममेटने माझा हात धरून मला व्हरांड्यात बसवलं आणि माझ्या केसांना तेल लावून दिलं. दर रविवारी आम्ही पंधरा-वीस मुली एकीमागे एक अशा बसायचो आणि प्रत्येक मुलगी पुढचीच्या डोक्याला तेल लावायची. पुढे अमेरिकेत आले, लग्न, नोकरी, मूल सगळं निभावलं, ते त्या हॉस्टेलच्या जोरावर, असं मी सगळ्यांना सांगायची. विनीताला सांगून सांगून तर मी तिचे कान किटवले होते.

म्हणून तिच्या सामानात मी खोबरेल तेलाची मोठी बाटली घातली. तिचे केस माझ्यासारखेच, कमरेपर्यंत. "रविवारी लावायचं. मैत्रिणींनाही लावून दे," मी म्हणाले.

"आई, दे डोन्ट डू दॅट," ती म्हणाली.

"तू शिकव त्यांना."

आता राहिली फोनची गोष्ट. ही युक्ती काही मी शोधली नव्हती, त्या काळी इकडे आलेल्या आपल्या बहुतेक लोकांना ती ठाऊक होती. लांबचा फोन महाग. पण ऑपरेटरला सांगितलं की मला अमुक माणसाशीच बोलायचंय आणि बिल समोरच्याला लावा, तर तो माणूस घरी नसल्यास कोणालाच बिल लागत नसे. मग जो माणूस जगातच नाही त्याला बोलवायचं. समोरच्याने म्हणायचं, तो घरी नाही. झालं काम, फुकटात निरोप पोचला. प्रवासाहून कोणी घरी पोचलं की आम्ही सगळे असेच एकमेकांना कळवायचो आणि वर हसायचो.

निघायच्या आदल्या दिवशी मी विनीताला समोर बसवून दोन नावं ठरवून दिली. सगळं ठीक असेल तर प्रल्हादला बोलवायचं. प्रल्हादला कड्यावरून ढकललं, हत्तीच्या पायाखाली दिलं, आगीत बसवलं, तरी त्याला काही झालं नाही, म्हणून खुशालीला प्रल्हाद. आणि संकट असेल तर मालिनी. मालिनी म्हणजे प्रतापची थोरली बहीण. वन्संचं पत्र आलं की कोणी तरी आजारी पडलेलं किंवा कोणाचं तरी लग्न मोडलेलं, हे घरात ठरलेलंच. विनीता हसली. मालिनी म्हटलं की मी फोन ठेवणार आणि लगेच तिच्या हॉस्टेलच्या जिन्याखाली जो फोन होता त्यावर उलटा फोन करणार, असं ठरलं. तो नंबर मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवला.

सप्टेंबरमध्ये आम्ही तेरा तास ड्राइव्ह करून तिला सोडून आलो. खोलीत दोन पलंग होते आणि खिडकीतून खरंच तळं दिसत होतं. तिची रूममेट अजून यायची होती. विनीताने आपली गोधडी पलंगावर पसरली आणि त्यावर बसून राहिली. गाडीकडे जाताना प्रताप दोनदा मागे वळला. मी एकदाही वळले नाही आणि त्याचा मला अभिमान वाटला.

पहिल्या रविवारी दुपारी फोन आला. ऑपरेटर बाईने प्रल्हादच्या नावाचं जे काही केलं ते ऐकून मला हसू दाबवेना. "ही इज नॉट होम," मी म्हणाले. मागे बारीकसा श्वास ऐकू आला, तो विनीताचा. दुसऱ्या रविवारीही प्रल्हाद आला. मी प्रतापला म्हणाले, "बघ, रुळली."

तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी, मी कढीला फोडणी देत होते आणि फोनवर मालिनीचं नाव आलं.  कढी तशीच टाकून मी नंबर फिरवला, चुकला, पुन्हा फिरवला. पलीकडे विनीता हुंदके देत होती.

"आई, आय वाँट टु कम होम."

"काय झालं? पडलीस का? ताप आहे का?"

"नो. दे से आय स्मेल. तेलाचा वास येतो म्हणतात. त्यांनी बाटली माझ्या बेडवर ओतली. ऑल ओव्हर. गोधडीवरपण."

एवढंच, असं मला वाटलं. खरंच असंच वाटलं. भीती उतरली आणि त्या जागी राग चढला. इकडे माझा जीव टांगणीला लागलेला, आणि पोरगी तेल सांडलं म्हणून रडते. मी तिला चांगलं झापलं. म्हटलं, हॉस्टेलमध्ये सगळ्यांची थट्टा होते, माझ्या ट्रंकेत मुलींनी बेडूक सोडला होता, मी काही यवतमाळला पळून गेले नाही. म्हटलं, मालिनी अशासाठी नाही. हात मोडला, ताप चढला, तर मालिनी. कळलं?

"ओके," ती म्हणाली.

"मराठीत सांग."

"कळलं, आई."

प्रताप दारात उभा राहून ऐकत होता. "रडत होती ना ती?" त्याने विचारलं. मी म्हटलं, रडेल आणि थांबेल. मी नाही थांबले? त्याने पेपर उचलला आणि मी करपलेली फोडणी ओतून टाकली.

त्यानंतर मालिनी आली नाही. प्रल्हाद मात्र येत राहिला, आणि आधी कधी आला नव्हता इतका. रविवारी यायचा तो बुधवारीही यायला लागला, मग एक दिवसाआड, मग रोज. कधी शाळा सुटल्यावर, कधी जेवणाच्या वेळेला, एकदा तर एकाच दिवशी तीनदा. "ही इज नॉट होम." "ही इज आउट ऑफ टाउन." एकदा गमतीत मी म्हणाले, "ही वेंट टु यवतमाळ." विनीता हसेल असं मला वाटलं होतं. 

प्रतापने विचारलं, "रोज कशाला करते गं ती?"

"खुशाल आहे म्हणून करते. कळवू नये?"

दिवाळीच्या कार्यक्रमात, चकल्यांची ताटं मांडता मांडता, मी चारचौघींना हे मुद्दाम सांगितलं. आमची विनीता रोज खुशाली कळवते हो, न चुकता. उत्तरा त्या वर्षी बऱ्याच दिवसांनी आली होती. ती कोपऱ्यात उभी राहून कागदी प्लेटी पुसत होती. मी आवाज जरा चढवूनच बोलले, तिला ऐकू जावं म्हणून. इतकी वाईट होते मी तेव्हा.

नोव्हेंबरात मात्र मला या फोनचा वैताग यायला लागला. ऑपरेटर बायांना संशय येईल, एक दिवस कोणी तरी दारात येऊन उभं राहील, अशी धाकधूक होऊ लागली. परक्या देशात राहणाऱ्याला ही धाकधूक कधी सोडत नाही, सिटिझनशिप घेतली तरी. मी विनीताला पत्र लिहिलं की आठवड्यातून एकदा बस झालं, रविवारी तीन वाजता, रोज रोज प्रल्हाद नको. पत्र मिळाल्यावर तिने तंतोतंत तसंच केलं. ती पहिल्यापासून सांगितलेलं ऐकणारी मुलगी.

थँक्सगिव्हिंगला चार दिवसांसाठी एवढा प्रवास कशाला म्हणून मी तिला शाळेतच राहू दिलं. ख्रिसमसला ती घरी आली. विमानतळावर मी तिला ओळखलंच नाही. केस कानापर्यंत कापलेले, तेही एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी. माझ्या डोळ्यांसमोर तो डान्सचा फोटो आला.

"हे काय करून घेतलंस?" मी तिथेच, सामान यायच्या पट्ट्याजवळ, आवाज चढवला.

"स्विमिंगसाठी," ती म्हणाली. "इट वॉज इन द वे."

ती घरी होती ते दोन आठवडे मी त्या केसांवरून धुसफुसत राहिले. एवढे वाढवायला चौदा वर्षं लागली, आजीला फोटो काय पाठवू, न्हाव्याने कापले की गवत कापणाऱ्याने. किती रागावले, ते मला आज शब्दन् शब्द आठवतं. कोणी कापले, हे मात्र मी एकदाही विचारलं नाही. ती कमी जेवायची, त्यालाही मी डाएट म्हणाले. ती दिवसभर माझ्या मागे मागे स्वयंपाकघरात असायची, ओट्याला टेकून उभी. मी म्हटलं, बघ, घराची किंमत कळली की नाही?

परत जायच्या दिवशी ती गाडीत बसेना. दार उघडं धरून उभी राहिली. प्रताप म्हणाला, "शरयू, नको पाठवू या का?" मी म्हणाले, सेमिस्टर अर्धं टाकून? लोक काय म्हणतील, हे मी बोलले नाही, पण मनात तेच होतं. मग ती बसली.

फेब्रुवारीतला तो रविवार. तीन वाजता फोन वाजला. मी टेबलावर शेंगदाण्याची टरफलं पाखडत बसले होते, मला उठायचाही कंटाळा आला. ऑपरेटर आवाजावरून वयस्कर बाई वाटत होती. तिने प्रल्हादचं नाव नेहमीसारखंच मोडून-तोडून घेतलं. मी नेहमीसारखं सांगितलं, घरी नाही. फोन ठेवणार, तेवढ्यात ती बाई म्हणाली, "मॅम, एक मिनिट. ही मुलगी रडतेय. फार रडतेय. प्रल्हाद खरंच घरी नाहीत का?"

मी घाबरले, हे खरं. पण विनीतासाठी नाही. मला वाटलं, पकडलं. इतके महिने खोटी नावं सांगून फुकट निरोप घेतले, आता ही बाई मला बोलतं करून अडकवणार. रडतेय म्हणे. आमच्या मुलीला रडायचं असतं तर तिने मालिनीला बोलावलं असतं. मी शक्य तितक्या स्वच्छ इंग्रजीत, एकेक शब्द तोडून सांगितलं, "ही इज नॉट होम. ही विल नॉट बी होम."

पलीकडे हुंदका ऐकू आला. तो मी ऐकला. मला ऐकू आला नाही, असं मी कोणालाही सांगितलेलं नाही. तो ऐकून मी फोन ठेवला.

मग मी कॅलेंडरवरच्या लाल नंबरकडे बघत उभी राहिले. लगेच फोन केला तर त्या बाईला कळेल, असं मला वाटलं. जरा वेळ जाऊ दे, म्हणून मी अर्धा तास थांबले. अर्ध्या तासाने फिरवला तर कोणी उचलला नाही. पुन्हा फिरवला. एका मुलीने उचलला, विनीता म्हणताच हसली आणि म्हणाली, ती नाहीये इथे. चारनंतर मी तो नंबर किती वेळा फिरवला ते मला सांगता येणार नाही. प्रताप बाहेर बर्फ ढकलत होता. मी त्याला काही सांगितलं नाही.

साडेसात वाजता शाळेचा फोन आला. विनीता गावातल्या बस स्टॉपकडे चालत निघाली होती, सात मैल, बर्फातून. पायात बर्फाचे बूट नव्हते, व्यायामाच्या तासाचे कापडी बूट होते. अंधार पडल्यावर रस्त्यावरचं बर्फ काढणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरला कडेला काही तरी लाल दिसलं, तो तिचा स्वेटर. ती जिवंत आहे, हॉस्पिटलमध्ये आहे, तुम्ही या.

विमानं बंद होती. आम्ही गाडीने निघालो. वाटेत मी प्रतापला सगळं सांगितलं, ऑपरेटर बाईचंसुद्धा.  वायपर चालू होते. बऱ्याच वेळाने, पेनसिल्व्हेनियात कुठे तरी, तो म्हणाला, "प्रल्हादला कड्यावरून ढकललं ते त्याच्या बापाने, शरयू. बाहेरच्या कोणी नाही." त्यानंतर त्याने तो विषय आजतागायत काढलेला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

हॉस्पिटलच्या पलंगावर ती फार लहान दिसत होती. डावा हात आणि उजवा पाय बँडेजमध्ये होते. गोठून निकामी झालेली हाताच्या दोन बोटांची टोकं आणि पायाची दोन बोटं काढावी लागतील, असं डॉक्टरांनी आम्हाला बाहेरच सांगितलं होतं. शाळेच्या हॉस्टेलची प्रमुख बाई हातात रुमाल धरून खुर्चीवर बसली होती. ती पुन्हा पुन्हा म्हणत होती की विनीता इतकी शांत मुलगी होती, तिने कधीच काही सांगितलं नाही. मला तिचा गळा धरावासा वाटला. मग लक्षात आलं, मीही हेच म्हणणार होते.

दोन दिवसांनी विनीता बोलली. इंग्रजीत बोलली आणि मी तिला मराठीत सांग म्हणाले नाही. तिघी होत्या. तिच्या पलंगावर तेल ओतलं, तिचं ताट उचलून कचऱ्यात टाकलं, ती अंघोळीला गेली की कपडे पळवायच्या. डिसेंबरात दोघींनी तिला धरलं आणि तिसरीने चित्रकलेच्या वर्गातल्या कात्रीने वेणी कापली. जानेवारीत तिचे बूट तळ्यावरच्या बर्फाला पडलेल्या भोकातून आत टाकले. दीड महिना ती कापडी बुटांत फिरली. त्या रविवारी काय झालं, ते तिने सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही. थँक्सगिव्हिंगचा आठवडा छान होता, ती म्हणाली, कारण तेव्हा शाळेत कोणी नव्हतं.

मी विचारलं, "अगं, मग मालिनीला का नाही बोलावलंस?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काही तरी विसरले आहे.

"यू सेड हात मोडला तर. ऑर ताप." ती म्हणाली. "आय डिडन्ट हॅव अ फीवर."

"आणि रोज प्रल्हाद? ते कशाला करत होतीस बाळा? सगळं ठीक नव्हतं ना?"

"तू फोन उचलायचीस," ती म्हणाली. "आय कुड हिअर यू."

म्हणजे तो आवाज ऐकायला ती जिन्याखाली उभी राहायची. चार शब्द, ही इज नॉट होम, आणि ठक्कन ठेवलेला फोन, एवढ्यासाठी. आणि तेही मी पत्र लिहून आठवड्यातून एकदावर आणलं होतं. मी तिच्या पलंगाच्या कठड्याला धरून उभी होते. 

तिघींपैकी एकीला शाळेने आठवडाभर घरी पाठवलं, बाकीच्या दोघींना समज दिली. विनीताचं सामान आम्हाला कुरिअरने आलं. ट्रंकेच्या तळाशी गोधडी होती, घडी घालून, तेलाचा डाग पडलेली. मी ती चार वेळा धुतली. वास गेला, डाग नाही गेला.

मंडळात आम्ही सांगितलं की थंडीत रस्ता चुकली. लोकांनी मान डोलावली. फक्त उत्तरा घरी आली, भाताचं पातेलं आणि आमटी घेऊन, आणि काहीही न विचारता विनीताच्या उशाशी दोन तास बसली. जाताना मला म्हणाली, "आमची सीमा दर रविवारी येते आता जेवायला. त्या मुलालाही घेऊन येते. चांगला आहे गं." मी तिचे पाय धरायला हवे होते. मी तिला पातेलं धुऊन परत केलं.

आता १९८९ चालू आहे. विनीता एकोणीस वर्षांची आहे, वॉशिंग्टन राज्यात शिकते, बेलव्ह्यूला दोन मुलींबरोबर राहते. नकाशावर डब्लिनपासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब तिने कॉलेज शोधलं आणि या वेळी ठरवण्याचं खातं तिच्याकडे होतं. केस तिने पुन्हा वाढवले नाहीत. फोटोत तिचा डावा हात कायम खिशात असतो.

दर रविवारी ती सरळ फोन करते. तीन वाजता, आमच्या वेळेने. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. अभ्यास चांगला चाललाय. जेवण चांगलं आहे. रूममेट्स चांगल्या आहेत. सगळं चांगलं आहे, आई. तिचा आवाज गुळगुळीत असतो आणि त्यात काहीही सापडत नाही. मी श्वाससुद्धा ऐकायचा प्रयत्न करते. प्रताप दुसऱ्या खोलीतला फोन उचलून गप्प ऐकत बसतो, तोही तेच शोधत असतो.

गेल्या रविवारी मला राहवलं नाही. ती फोन ठेवायला लागली तेव्हा मी म्हणाले, "विनी." मी तिला विनी म्हणते आता. "विनी, एक विचारू? मालिनी आहे का गं तिथे?"

 प्रतापचा श्वास मला दुसऱ्या फोनवरून ऐकू येत होता. मग तिने सांगितलं, एकेक शब्द तोडून, स्वच्छ.

"नो, आई. शी इज नॉट होम."

आणि तिने फोन ठेवला.